फोनच्या पडद्यावरील दृष्टितपासणी

दृष्टीची तीक्ष्णता, म्हणजे बारीक तपशील वेगळा ओळखण्याची डोळ्याची क्षमता, मोजण्याची पद्धत डच नेत्रतज्ज्ञ हर्मन स्नेलेन यांनी 1862 मध्ये घालून दिली. त्या पद्धतीनुसार सामान्य दृष्टीच्या व्यक्तीला अंशाच्या बाराव्या भागाइतका कोन व्यापणारे अक्षर ओळखता यावे लागते, आणि 6 मीटरवरून अशा अक्षराची उंची जेमतेम 9 मिलिमीटर भरते. अंतर कमी केले की अक्षरही त्याच प्रमाणात लहान करावे लागते, आणि हे काम फोनचा पडदा अचूक करतो.

केनियात नेत्रतज्ज्ञ अँड्र्यू बास्टावरस आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेले ‘पीक अक्युइटी’ हे ॲप याच तत्त्वावर चालते. पडद्यावरील इंग्रजी ई या आकाराची उघडी बाजू कोणत्या दिशेला आहे ते तपासला जाणारा हाताने दाखवतो आणि तपासणारा त्याच दिशेने पडद्यावर बोट फिरवतो. त्यामुळे निरक्षर व्यक्तीचीही तपासणी होऊ शकते. केनियातील ट्रान्स न्झोया भागात शिक्षकांनी शाळेतच मुले तपासली आणि पालकांना मोबाइलवर स्मरणसंदेश गेले, तेव्हा रुग्णालयात पोहोचणाऱ्या मुलांचे प्रमाण 22 टक्क्यांवरून 54 टक्क्यांवर गेल्याचे 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या तुलनात्मक अभ्यासात आढळले. मोजणीइतकेच, किंबहुना अधिक, मोल या पाठपुराव्याला आहे.

मात्र काचबिंदूत मध्यवर्ती दृष्टी बराच काळ शाबूत राहून कडेची दृष्टी आधी नष्ट होते. त्यामुळे अशा ॲपवर उत्तम निष्कर्ष मिळालेल्या व्यक्तीनेही, विशेषतः चाळिशीनंतर, नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घेणे आवश्यकच असते.