फिलर बिघडले तर आधी काढा, मग भरा

जुलै २०२५मध्ये उर्फी जावेद या अभिनेत्रीने ओठांतले फिलर विरघळवून घेतानाचा व्हिडिओ समाजमाध्यमांवर टाकला. फिलर चुकीच्या जागी बसले होते, म्हणून ते आधी काढून टाकते आहे आणि पुढे पुन्हा करायचे झाले तर नैसर्गिक दिसेल असे करून घेईन, अशी तिची भूमिका होती. लोकांच्या लक्षात राहिला तो तिचा सुजलेला चेहरा. खरे तर लक्षात ठेवायला हवा तो तिने निवडलेला क्रम. फिलरचा परिणाम मनासारखा आला नाही की बहुतेकांना पहिल्यांदा सुचते ते आणखी भरून घेणे: एक बाजू कमी वाटते तर तिथे थोडे, गाठ दिसते तर तिच्या आजूबाजूला थोडे. अनेक चेहरे बिघडतात ते पहिल्या इंजेक्शनपेक्षा अशा 'दुरुस्त्यां'मुळेच. दुरुस्तीची सुरुवात निदानाने व्हायला हवी, पुढची पायरी बहुधा काढून टाकण्याची असते आणि नवे भरण्याचा विचार सर्वांत शेवटी. हा क्रम का पाळायचा, हे समजायला फिलर म्हणजे काय, इथून सुरुवात करावी लागेल.

ओठ भरीव करण्यासाठी, गालांचा उतरलेला भराव परत आणण्यासाठी किंवा डोळ्यांखालचे खड्डे बुजवण्यासाठी त्वचेखाली टोचला जाणारा पदार्थ म्हणजे फिलर. आज सर्वाधिक वापरले जाते ते हायल्युरॉनिक ॲसिड. कार्ल मायर आणि जॉन पामर या शास्त्रज्ञांनी १९३४मध्ये ते गाईच्या डोळ्यातून वेगळे काढले. आपल्या शरीरातही ते असतेच. सत्तर किलो वजनाच्या माणसात ते सुमारे १५ ग्रॅम असते आणि त्यातला साधारण तिसरा हिस्सा रोज मोडून नव्याने तयार होतो. हे ॲसिड जसेच्या तसे टोचले तर थोड्याच दिवसांत नाहीसे होईल, म्हणून त्याच्या साखळ्या रासायनिक दुव्यांनी एकमेकींना बांधून घट्ट जेल बनवतात. अमेरिकेच्या एफडीएने अशा फिलरला २००३मध्ये मान्यता दिली. त्याआधी, १९८१पासून, तिथे गाईपासून मिळवलेले कोलॅजेन वापरले जात होते. ते बिघडले तर विरघळवण्याची सोय नव्हती. आपोआप जिरेपर्यंत वाट पाहणे एवढेच हाती असे. हायल्युरॉनिक ॲसिडचे मोठे बळ हे की ते विरघळवता येते.

बिघडले म्हणजे नेमके काय झाले, हे ठरवणे सोपे नाही. पहिल्या काही दिवसांतली सूज, काळेनिळेपणा, किंचित वेडेवाकडेपणा हा सुईच्या जखमेचा भाग असतो. तातडीची लक्षणे नसतील तर साधारण दोन आठवडे थांबल्याशिवाय निकाल देऊ नये. त्यानंतरही उरते ते वेगवेगळ्या कारणांनी. डोळ्यांखाली त्वचा पातळ असते. तिथे जेल फार वरच्या थरात बसले तर त्यातून विखुरणारा प्रकाश निळसर दिसतो. टिंडल परिणाम म्हणून भौतिकशास्त्रात शिकवतात तोच हा. या निळसर छटेला काळे वर्तुळ समजून आणखी फिलर भरले तर ती गडद होते. वरच्या ओठाच्या कडेबाहेर जेल सरकले तर ओठ आणि नाक यांमधला भाग फुगलेला दिसतो. ओठात आणखी भरून तो फुगवटा झाकला जात नाही, वाढतो. काही महिन्यांनी उठणारी गाठ जंतुसंसर्गाची असू शकते किंवा शरीराच्या प्रतिकारयंत्रणेने दिलेल्या प्रतिसादाची. पहिलीला प्रतिजैविके लागतात, दुसरीला कधी स्टेरॉइड. आरशात सगळ्यांचे वर्णन 'चेहरा नीट दिसत नाही' एवढेच होते. उपाय मात्र प्रत्येकाचा निराळा आहे.

या गोंधळात एका समजुतीने भर घातली आहे. फिलर सहा महिने ते वर्षभरात विरून जाते, असे ग्राहकांना वर्षानुवर्षे सांगितले गेले. ऑस्ट्रेलियातले रेडिओलॉजिस्ट मोबिन मास्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३३ जणांच्या एमआरआय तपासण्यांचा आढावा २०२४मध्ये प्रसिद्ध केला. या सर्वांनी गालांच्या भागात किमान दोन वर्षे नवे फिलर घेतले नव्हते, तरी प्रत्येकाच्या चेहऱ्यात ते सापडले. संख्या लहान आहे आणि ही माणसे सरसकट सर्वांचे प्रतिनिधित्व करत नाहीत, हे मान्य करूनही एक गोष्ट उरतेच: वरून दिसणारा फुगीरपणा ओसरला म्हणजे आतला पदार्थ संपला, असे धरता येत नाही. दरवर्षी ठरल्याप्रमाणे भरून घेणारी व्यक्ती जुन्यावर नवा थर चढवत असू शकते. म्हणून भरण्याआधी आत काय शिल्लक आहे हे पाहणे महत्त्वाचे. त्वचेच्या सोनोग्राफीने आता ते दिसू शकते. फिलर कोणत्या थरात आहे, रक्तवाहिनी किती जवळ आहे, हे पाहत नेमक्या जागी विरघळवणारे औषध सोडता येते.

हे औषध म्हणजे हायल्युरॉनिडेज हे एन्झाइम. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेत डोळ्याभोवतीची भूल नीट पसरावी म्हणून नेत्रतज्ज्ञ ते फार पूर्वीपासून वापरत आले आहेत. ते हायल्युरॉनिक ॲसिडच्या साखळ्या तोडते. परिणाम काही मिनिटांतच सुरू होतो आणि एकदोन दिवसांत स्पष्ट दिसतो. जेल जितके घट्ट बांधलेले, तितकी मात्रा अधिक लागते. औषध जुने असले तरी निरुपद्रवी नाही. काहींना त्याची ॲलर्जी होते. मधमाशी किंवा गांधीलमाशीच्या विषातही हे एन्झाइम असल्याने अशा दंशाची ॲलर्जी असणाऱ्यांनी ते आधीच सांगायला हवे. घाई नसेल तेव्हा त्वचेवर चाचणी घेतली जाते. जागा संसर्गाने लाल, गरम झाली असेल तर आधी संसर्गावर उपचार होतात, कारण एन्झाइम पसरते तसे जंतूही पसरवू शकते. विरघळवल्यावर साधारण दोन आठवडे तरी थांबून मगच पुढचा निर्णय घ्यावा.

यावर एक आक्षेप हमखास येतो: हे एन्झाइम आपल्या त्वचेतले नैसर्गिक हायल्युरॉनिक ॲसिडही खाऊन टाकते आणि चेहरा कायमचा खंगतो. पहिला भाग खरा आहे. एन्झाइम भरलेले आणि स्वतःचे असा भेद करत नाही. पण बांधलेल्या जेलच्या तुलनेत शरीराचे स्वतःचे ॲसिड सतत नव्याने बनत असते, म्हणून ती झीज सहसा भरून निघते. विरघळवल्यानंतर चेहरा बसका वाटतो त्याची इतरही कारणे आहेत. जेलच्या ताणाने सैलावलेली त्वचा एकदम मोकळी होते, आणि वर्षानुवर्षे भरलेला चेहराच आपला मानायची डोळ्यांना सवय झालेली असते. तरीही जपून, थोड्या मात्रेत, टप्प्याटप्प्याने विरघळवणे शहाणपणाचे. गालावरच्या एका गाठीसाठी सगळा गाल रिकामा करण्याची गरज नसते.

दुसरा आक्षेप खर्चाचा: आधी भरायला पैसे गेले, आता काढायला, मग पुन्हा भरायला. तक्रार रास्त आहे. पण चुकीच्या पायावर भरत राहण्याचा खर्च दरवर्षी वाढत जातो, तर विरघळवण्याचा खर्च बहुधा एका टप्प्यावर थांबतो. शिवाय नवे भरण्याचा सल्ला देणाऱ्याचा त्यात आर्थिक लाभ असतो, हेही विसरू नये. अशा वेळी दुसऱ्या त्वचारोगतज्ज्ञाचे किंवा प्लास्टिक सर्जनचे मत घेण्यात संकोच कशाला?

एका स्थितीत मात्र वाट पाहणे घातक ठरते. जेल रक्तवाहिनीत शिरले किंवा तिच्यावर दाबले गेले तर त्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. त्वचा एकाएकी पांढरी पडणे, जाळीसारखे जांभळट डाग, वाढत जाणारी वेदना, दाबून सोडल्यावर रंग उशिरा परतणे ही त्याची लक्षणे. इथे दोन आठवड्यांचा नियम लागू नाही. डॉक्टर तत्काळ मोठ्या मात्रेत एन्झाइम देतात आणि रंग परत येईपर्यंत पुन्हापुन्हा देतात. चेहऱ्याच्या धमन्या डोळ्याच्या धमनीशी जोडलेल्या असतात, म्हणून दृष्टीही जाऊ शकते. कॅनडातल्या त्वचारोगतज्ज्ञ कॅटी बेलेझने आणि सहकाऱ्यांनी २०१५मध्ये वैद्यकीय नियतकालिकांतून अशी ९८ उदाहरणे गोळा केली. भुवयांमधली जागा आणि नाक हे त्यांतले सर्वांत धोक्याचे भाग होते. जगभर होणाऱ्या इंजेक्शनांच्या मानाने संख्या छोटी आहे, पण गेलेली दृष्टी परत आणणारा खात्रीचा उपाय नाही. हे एन्झाइम हाताशी नसलेल्या पार्लरमध्ये फिलर घेणे किंवा सुईविना जेल मारणाऱ्या पेनने स्वतःच ओठ भरणे म्हणूनच अक्षम्य आहे. अशा पेनांविरुद्ध एफडीएने २०२१मध्ये इशाराही दिला होता.

सगळेच फिलर विरघळत नाहीत, हेही लक्षात घ्यायला हवे. कॅल्शियम हायड्रॉक्सिलॅपटाइट, पॉली-एल-लॅक्टिक ॲसिड, पीएमएमए आणि शरीरातलीच चरबी यांवर हायल्युरॉनिडेजचा उपयोग होत नाही. द्रव सिलिकॉन तर उतींत इतके पसरते की शस्त्रक्रियेनेही ते पुरते निघत नाही. म्हणून आपल्याला काय टोचले गेले याची नोंद रुग्णाकडे असणे ही दुरुस्तीची पहिली अट ठरते. सिरिंजच्या खोक्यावर उत्पादनाचे नाव आणि बॅच क्रमांक असलेला स्टिकर असतो. तो आपल्या कागदपत्रांत चिकटवून मागावा. वैद्यकीय व्यावसायिकांच्या आचारसंहितेच्या २००२च्या नियमांनुसार आंतररुग्णाची नोंद डॉक्टरने तीन वर्षे जपायची असते आणि नोंद मागितल्यावर ७२ तासांत द्यायची असते. फिलर बहुधा बाह्यरुग्ण विभागात होत असल्याने आपली प्रत त्याच दिवशी हाती घेणे बरे.

हौसेपायी ओढवलेले दुखणे, त्याला कशाला एवढे महत्त्व, असे म्हणणारेही आहेत. पण पॉली-एल-लॅक्टिक ॲसिडला अमेरिकेत २००४मध्ये पहिली मान्यता मिळाली ती एचआयव्हीमुळे गाल बसलेल्या रुग्णांसाठी. हौस आणि गरज यांची रेघ चेहऱ्यावर इतकी सरळ ओढता येत नाही, आणि कारण काहीही असो, टोचलेला पदार्थ वैद्यकीय असेल तर त्याच्या चुकीची जबाबदारीही वैद्यकीयच आहे. फिलर घेणाऱ्याने त्याआधी तीन प्रश्न विचारावेत: हे विरघळते का, विरघळवायचे औषध आत्ता याच दवाखान्यात आहे का, आणि नोंद मला मिळेल का? तिन्हींची उत्तरे 'हो' अशी येत नसतील, तर तिथे फिलर घेऊ नये.