सामना पाहावा कोणत्या गावी?

ऑक्टोबर हा निफाड तालुक्यात घर सोडून परगावी जाण्याचा महिना नव्हे. द्राक्षबागांची गोडी छाटणी याच दिवसांत चालते. छाटणी झाली की डोळ्यांना पेस्ट लावायची, पोंगा फुटू लागला की आभाळाकडे पाहत फवारणीची तयारी ठेवायची, आणि त्याच धांदलीत चाळीत उरलेल्या उन्हाळ कांद्याचा बाजारही साधायचा. गोदाकाठच्या सायखेड्याला हे वेळापत्रक कोणी शिकवावे लागत नाही. नेमक्या याच महिन्यात, ६ ते २८ ऑक्टोबर २०१७ या काळात, सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक फुटबॉल स्पर्धा भारतात भरली. फिफाची कोणतीही विश्वचषक स्पर्धा या देशात होण्याची ही पहिलीच वेळ होती. नवी दिल्ली, कोलकाता, गुवाहाटी, कोची, नवी मुंबई आणि गोव्यातील मडगाव अशी सहा शहरे यजमान ठरली. छाटणीच्या दिवसांतून कष्टाने दोन-तीन दिवस मोकळे करून घरच्या मुलांना सामना दाखवायचा, तर ते यांपैकी कोणत्या शहरी न्यावे?

प्रश्न वरवर हौसेचा वाटतो. परंतु त्याला आपण जे उत्तर देतो, त्यावरून आपल्या लेखी खेळ म्हणजे काय हे उघड होते. एकदा अशी स्पर्धा होऊन गेल्यावर या प्रश्नाचा शांतपणे विचार करण्यास हरकत नाही. कारण अशा स्पर्धा पुन्हा येतात, आणि २०२२ मध्ये तर मुलींची स्पर्धा आलीही.

प्रवासाची अडचण समजतो तितकी मोठी नाही. सायखेड्याहून नाशिकरोड स्थानक गाठले की देश खुला होतो. निजामुद्दीनहून निघणारी मंगला लक्षद्वीप एक्सप्रेस नाशिकरोड, पनवेल, मडगाव असे टप्पे घेत एर्नाकुलमला पोहोचते. म्हणजे २०१७ च्या सहा यजमान शहरांपैकी दिल्ली, मडगाव आणि कोची ही तीन एकाच गाडीच्या वाटेवर होती, आणि नवी मुंबईच्या उंबऱ्यापर्यंतही तीच गाडी नेत होती. हावड्याची मेलही नाशिकरोडवरूनच पुढे जाते. अडते ते निवडीपाशी.

निवड करताना माणसे सामान्यतः तीन कारणे पुढे करतात. पहिले कारण आपल्या संघाचे. भारताचे तिन्ही सामने दिल्लीस झाले. अमेरिकेकडून ०-३, कोलंबियाकडून १-२ आणि घानाकडून ०-४ असा त्यांचा निकाल लागला. निकालाचे आकडे पाहून दिल्लीची निवड फसली असे कोणी म्हणेल. ते खरे नाही. ९ ऑक्टोबरला कोलंबियाविरुद्ध मणिपूरच्या जीक्सन सिंगने कोपऱ्यावरून आलेला चेंडू डोक्याने जाळ्यात धाडला, तेव्हा फिफाच्या विश्वचषक स्पर्धेतील भारताचा पहिला गोल नोंदला गेला. पुढच्याच क्षणी कोलंबियाने दुसरा गोल करून तो आनंद हिरावून घेतला, तरी ज्यांनी तो पाहिला ते आयुष्यभर सांगतील. आपला संघ हरणार हे ठाऊक असूनही त्याच्यासाठी जाणे यात एक निष्ठा आहे आणि तिला हसण्याचा अधिकार कोणास नाही. पण दिल्लीत गावाकडच्या मुलाला सामन्यापलीकडे काय मिळाले असते, हा प्रश्न उरतोच. तेथील भव्य क्रीडागार भरण्यासाठी शाळकरी मुलांना मोफत तिकिटे वाटावी लागली. जे शहर आपणहून मैदानाकडे वळत नाही, ते पाहुण्याला खेळाची गोडी कशी लावणार?

दुसरे कारण मोठ्या सामन्याचे. अंतिम सामना पाहावा, निदान उपान्त्य सामना तरी चुकवू नये, असे वाटणे स्वाभाविक आहे. या मोहाला २०१७ च्या स्पर्धेनेच एक धडा दिला. ब्राझील आणि इंग्लंड यांचा उपान्त्य सामना गुवाहाटीस ठरला होता. पावसाने तेथील मैदान खराब झाले आणि सामना ऐनवेळी कोलकात्याला हलवावा लागला. ज्यांनी शहर सोडून केवळ सामना निवडला होता, त्यांच्या हाती त्या दिवशी ना सामना उरला ना शहर. सामना जागा बदलू शकतो. शहराचा स्वभाव एका रात्रीत बदलत नाही. कोलकात्याची गोष्ट अर्थात निराळी. १९११ साली मोहन बागानने इंग्रजी पलटणीच्या संघाला नमवून आय.एफ.ए. शील्ड जिंकली, त्या दिवसापासून फुटबॉल तेथील स्वाभिमानाचा भाग झालेला आहे. २८ ऑक्टोबरला इंग्लंडने स्पेनला ५-२ असे हरविले, तेव्हा सॉल्ट लेकच्या मैदानावर साठ हजारांहून अधिक प्रेक्षक होते, आणि त्यांतले कोणीही कोणी आणून बसविलेले नव्हते. परंतु छाटणीच्या दिवसांत सायखेड्याहून कोलकात्याला जाऊन येणे म्हणजे जवळजवळ आठवडा घालविणे होय.

तिसरे कारण जवळिकीचे, आणि नाशिक जिल्ह्यापुरते ते सर्वांत बलवान. नवी मुंबई आपल्याला जवळची. सकाळी पंचवटीने ठाणे, तेथून लोकलने नेरूळ. वाट सोपी आहे. मात्र सामने संध्याकाळी पाचला आणि रात्री आठला होते. रात्रीचा सामना संपेपर्यंत परतीची पंचवटी केव्हाच निघून गेलेली असते. जवळचे शहर म्हणजे एका दिवसात परत येण्याचे शहर, हा हिशेब येथे चुकतो आणि मुक्कामाचा खर्च पडतोच. शिवाय नेरूळचे डी. वाय. पाटील क्रीडागार मुळात क्रिकेटसाठी उभे राहिले. २००८ मध्ये आयपीएलचा पहिला अंतिम सामना तेथेच झाला. त्यावर फुटबॉल उत्तम खेळविता येतो, यात शंका नाही. मालीच्या मुलांनी ६ ऑक्टोबरला याच मैदानावर पॅराग्वेकडून २-३ असा पराभव घेऊन सुरुवात केली, आणि २५ ऑक्टोबरला तोच संघ स्पेनशी उपान्त्य सामना खेळण्यासाठी तेथेच परत आला. कापूस आणि भरड धान्यावर जगणाऱ्या देशातील मुलांची ती वाटचाल डोळ्यांनी पाहण्यासारखी होती. पण क्रीडागाराच्या बाहेर पडले की समोर महामार्ग आणि उंच इमारती. खेळ आत होता, शहर बाहेर होते. दोघांची ओळख नव्हती.

म्हणून मडगावचा विचार मला अधिक पटतो. फातोर्ड्याचे मैदान सहांपैकी सर्वांत लहान. वीस हजारांच्या आत-बाहेर माणसे त्यात मावतात. १० ऑक्टोबरला इराणने बलाढ्य जर्मनीला येथेच ४-० असे धुळीस मिळविले. तथापि मडगावला जाण्याचे कारण तो निकाल नव्हे. ते कारण मैदानाबाहेर सासष्टीच्या गावागावांत आहे. १८८३ च्या सुमारास शिवोलीत एका पाद्रीने हा खेळ आणला असे सांगतात. पुढे तो शाळांतून आणि चर्चच्या अंगणांतून वाड्यावाड्यांवर उतरला, आणि २०१२ मध्ये गोवा सरकारने त्याला राज्याच्या खेळाचा दर्जा दिला. ब्रह्मानंद शंखवाळकर, ब्रुनो कुतिन्हो यांच्यासारखे खेळाडू या भूमीने देशाच्या संघाला दिले. भाताची कापणी आटोपली की रिकामे झालेले शेतच तेथे मैदान होते. दोन बांबू रोवले, रेघ ओढली की गावाची स्पर्धा सुरू. काही गावांची मैदाने कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाच्या सामाईक जमिनीवर आहेत. गावाने आपली जमीन खेळासाठी राखून ठेवली, म्हणून तेथे खेळाडू झाले.

येथे सायखेड्याच्या पाहुण्याने थांबून स्वतःच्या गावाकडे पाहावे. आपल्याकडे शेत रिकामे होत नाही. द्राक्षाचा मांडव वर्षानुवर्षे उभाच असतो, आणि एक कांदा निघाला की दुसऱ्याची लागवड तयार असते. जमिनीच्या प्रत्येक गुंठ्याला भाव आला, त्याचे सुख नाकारण्यात अर्थ नाही. त्या भावानेच मुलांची शिक्षणे झाली, घरे बांधली गेली. परंतु त्याच भावाने मुलांच्या पायांखालची मोकळी जागा नाहीशी केली, हेही तितकेच खरे. सप्टेंबर २०१७ मध्ये स्पर्धेच्या तोंडावर महाराष्ट्र शासनाने एकाच दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळविण्याचा संकल्प सोडला आणि शाळाशाळांत चेंडू वाटले. त्या चेंडूंत हवा किती दिवस टिकली? चेंडू देणे सोपे असते. जागा देणे कठीण, कारण जागा देताना कोणाला तरी काही सोडावे लागते.

याचा पुरावा शोधण्यास गोव्यापर्यंत जाण्याचीही गरज नाही. कोल्हापूर हे २०१७ चे यजमान शहर नव्हते. जागतिक स्पर्धेला विमानतळ, पंचतारांकित हॉटेले, सरावाची अनेक मैदाने आणि प्रकाशझोत लागतात. कोल्हापूरच्या पेठांकडे त्यांऐवजी तालमी आहेत. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू मैदानावर उतरतात तेव्हा घरोघरी बाजू ठरलेल्या असतात. त्या शहराने स्पर्धेला मैदान दिले नाही, पण भारतीय संघाला अनिकेत जाधव हा खेळाडू दिला. त्या संघातील आठ मुले एकट्या मणिपूरची होती. यजमान शहरांची यादी आणि खेळाडूंच्या गावांची यादी शेजारी ठेवून वाचली, की पैसा कोठे आहे आणि खेळ कोठे आहे हे वेगळे सांगावे लागत नाही.

मुलींच्या स्पर्धेने हेच अधिक ठळक केले. ११ ते ३० ऑक्टोबर २०२२ या काळात भुवनेश्वर, मडगाव आणि नवी मुंबई येथे ती झाली. भारताची कर्णधार अष्टम उरांव झारखंडच्या गुमला जिल्ह्यातील खेड्यातून आलेली. भुवनेश्वरला तिचा संघ अमेरिकेकडून ०-८, मोरोक्कोकडून ०-३ आणि ब्राझीलकडून ०-५ असा हरला. हे आकडे लाजेने लपविण्यासारखे नाहीत. इतर देशांच्या मुली लहानपणापासून ज्या व्यवस्थेत खेळतात, ती आपल्या मुलींना मिळाली नाही, एवढेच ते सांगतात. लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला झाले, २६ तारखेला दोन्ही उपान्त्य सामने मडगावला झाले आणि ३० तारखेला नवी मुंबईत स्पेनने कोलंबियाला १-० असे हरविले. दिवाळीची सुटी आणि सामना यांचा असा मेळ क्वचितच जुळतो. आपल्या किती शाळांनी त्या सुटीत मुलींना तेथे नेले असेल?

जगाच्या मोठ्या स्पर्धेलाही हाच नियम लागू पडतो. २०२६ चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतील १६ शहरांना वाटून दिलेला. ४८ संघ आणि १०४ सामने. न्यू जर्सीत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांच्या दृष्टीने अंतिम सामन्याचे मैदान घराजवळचे. तरीही कोणी माझा सल्ला विचारला, तर मी मेक्सिको शहराचे नाव घेईन. १९७० आणि १९८६ चे अंतिम सामने ज्या ॲझ्टेका मैदानाने पाहिले, त्या मैदानाभोवतीच्या गल्ल्यांत मुले स्पर्धा नसतानाही खेळत असतात.

बोलण्याचा शेवट कृतीत व्हावा, म्हणून दोन सूचना. पहिली शाळांना. शैक्षणिक सहलीसाठी एस.टी. सवलतीने मिळते, आणि त्या सवलतीत आपण मुलांना किल्ले, लेणी, धरणे दाखवितो. जेव्हा केव्हा अशी स्पर्धा पुन्हा आपल्या आवाक्यात येईल, तेव्हा एक सहल सामन्याची काढावी. सामना गटातला, दोन अनोळखी देशांचा असला तरी चालेल. मात्र सामन्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मुलांना एखाद्या खेड्यातले मैदान आवर्जून दाखवावे, आणि ते कोणाच्या जमिनीवर आहे, त्याची निगा कोण राखते, हे तेथील माणसांना विचारू द्यावे.

दुसरी सूचना गावाला. ऑगस्ट २०१९ मध्ये गोदावरीचे पाणी सायखेडा-चांदोरीच्या बाजारपेठांत शिरले, तेव्हा नदीकाठची जागा कोणाची आहे हे नदीनेच सर्वांना सांगितले. निळ्या पूररेषेच्या आत बांधकाम चालत नाही. मैदान मात्र चालते. पुराचे पाणी ओसरले की चार दिवसांत ते पुन्हा खेळण्याजोगे होते. अशी एखादी पट्टी ग्रामसभेच्या ठरावाने मुलांसाठी राखता आली, तर तिच्यासाठी ना द्राक्षाचा वेल उपटावा लागेल, ना कांद्याचे वावर सोडावे लागेल.

सहलीहून परतलेल्या मुलांनी कोणी किती गोल केले हे रंगवून सांगावे, तो त्यांचा हक्कच आहे. पण ते सांगून झाल्यावर त्यांनी ‘आपल्या गावाचे मैदान कुठे आहे?’ असे विचारले, तर शहराची निवड बरोबर झाली असे समजावे. आणि त्या प्रश्नाचे उत्तर मोठ्यांना तयार ठेवावे लागेल.