व्हिडिओला संगीत जोडताना

एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये गाणं टाकणं सोपं आहे. फाइल ओढून टाइमलाइनवरच्या ऑडिओ ट्रॅकवर सोडली की झालं. खरं काम त्यानंतरचं.

बोलणं चालू असताना संगीताने मागे सरायला हवं. डिजिटल आवाजात शून्य डेसिबल ही कमाल मर्यादा. ती ओलांडली की आवाज फाटतो. निवेदन उणे १२च्या आसपास असेल तर संगीत उणे २५ ते ३० दरम्यान ठेवावं. निवेदन थांबलं की कीफ्रेम लावून संगीत हळूहळू वर आणावं.

गाणं लांब पडत असेल तर वाटेल तिथे कात्री चालवू नये. तीनतालाचं आवर्तन १६ मात्रांचं. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत ते ८ सेकंदांत पूर्ण होतं. समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, कापून पुढच्या समेला जोडलं, तर मधलं आवर्तन गळाल्याचं सहसा कळत नाही. (गवयांची गोष्ट वेगळी!) सांध्यावर छोटा क्रॉसफेड दिला की ‘टक्’ असा खटका येत नाही. दा विंची रिझॉल्व्ह या सॉफ्टवेअरमध्ये गाणं ऐकता ऐकता समेला ‘एम’ दाबलं की तिथे खूण उमटते.

फिल्मी गाण्याचा मोह मात्र आवरावा. भारतात ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रसिद्धीनंतर ६० वर्षं टिकतो. यूट्यूबच्या ऑडिओ लायब्ररीत मोफत संगीत मिळतं.