शिंपल्याची लांबी, गराचं वजन

रत्नागिरीच्या बाजारात तिसऱ्या, म्हणजे खाडीतले शिंपले, वाट्यावर मिळतात. तराजू नसतो, म्हणून घेणारा शिंपल्याचा आकार बघून वाटा उचलतो. पण घरी विळीवर त्या कापताना कळतं, की मोठ्या शिंपल्यात गर भरलेला असेलच असं नाही.

प्रयोगशाळेत हेच मोजून बघतात. व्हर्नियर कॅलिपरने तीन मापं घ्यायची: आडवी लांबी, बिजागरीजवळच्या फुगीर टोकापासून समोरच्या कडेपर्यंतची उंची आणि मिटलेल्या शिंपल्याची जाडी. कॅलिपर हलक्या हाताने लावायचा, नाहीतर पातळ कड तुटते. वजनाचं काम जास्त जिकिरीचं. मिटलेल्या शिंपल्यात खाडीचं पाणी असतं आणि तेही वजनात धरलं जातं. म्हणून शिंपला मिटून धरणारे दोन स्नायू सुरीने कापायचे, पाणी निथळू द्यायचं, गर अलगद खरवडून टिपकागदावर टिपायचा. मग 60 अंश सेल्सिअसला, वजन उतरायचं थांबेपर्यंत वाळवायचा. ओला टपोरा गर वाळल्यावर चिमूटभर उरतो. माझा भरवसा त्या चिमटीवर.

ठेवण तीच राहून लांबी दुप्पट झाली, तर वजन आठपट व्हायला हवं, म्हणजे लांबीवरून वजन काढायच्या समीकरणात लांबीचा घातांक 3. बऱ्याच शिंपल्यांत तो थोडा कमी भरतो. 2.7 आला, तर वजन साडेसहापटच वाढतं. खडकाला चिकटलेली कालवं जागा मिळेल तशी वेडीवाकडी वाढतात, त्यांच्या नुसत्या लांबीवरून वजनाचा अंदाज बांधणं धोक्याचं.

कवच वाढलं की पुन्हा लहान होत नाही. गर मात्र लहान होतो. अंडी आणि शुक्राणू पाण्यात सोडले, की तिसरी रोडावते. पावसाळ्यात खाडीत गोडं पाणी भरलं, की ती शिंपला मिटून घेते आणि तिचं खाणं थांबतं. त्यामुळे एकाच लांबीच्या दोन तिसऱ्यांचा सुका गर महिन्यागणिक वेगळा भरतो. महिना न नोंदवता काढलेलं समीकरण मला अर्धवट वाटतं.

केरळच्या अष्टमुडी तलावातल्या तिसऱ्यांसाठी नियम गराच्या वजनावरच बेतला आहे: किलोत 1400 पेक्षा जास्त नग बसतील इतका बारीक गर निर्यात करायचा नाही. म्हणजे नगाला सरासरी 0.7 ग्रॅम तरी हवा. प्रजननाच्या काळात, डिसेंबर ते फेब्रुवारी, तिथे तिसऱ्या काढणं बंद असतं. कोकणातल्या खाड्यांसाठी असा आकडा ठरवायचा, तर प्रत्येक खाडीतली बाराही महिन्यांची मोजणी आधी हाताशी हवी.