जमीन तिथेच, माणसं कुठे?

मोबाइलवर नकाशा उघडा आणि कास्पियन समुद्राच्या पश्चिम किनाऱ्यावर झूम करा. अझरबैजान दिसेल, त्याला खेटून आर्मेनिया. आर्मेनियाचं नाव कानावरून गेलं असेल, कारण भारतातून बरीच मुलं मेडिकलला येरेवानला जातात. या दोन देशांच्या भांडणाचं मूळ म्हणजे नागोर्नो-काराबाख हा डोंगराळ पट्टा. सोव्हिएत काळात ठरलेलं त्याचं क्षेत्रफळ साधारण ४,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे गोव्यापेक्षा जरासं मोठं. एवढ्याशा जागेवरून पस्तीस वर्षं रक्त सांडलं. कोण जिंकलं ते बातम्यांत येऊन गेलंय. बिल कुणी भरलं, ते आज बघू.

आधी थोडी पार्श्वभूमी

सोव्हिएत काळात काराबाख अझरबैजानमध्ये होतं, पण तिथली बहुसंख्य वस्ती आर्मेनियन. १९८८ मध्ये तिथल्या प्रतिनिधींनी ‘आम्हाला आर्मेनियात घ्या’ अशी मागणी केली. दंगली पेटल्या, सोव्हिएत संघ कोसळला आणि दोन नव्या देशांत उघड युद्ध जुंपलं. १९९४ मध्ये शस्त्रसंधी झाली तेव्हा काराबाख आणि आजूबाजूचे जिल्हे आर्मेनियन फौजांच्या हातात होते. तोवर दोन्ही बाजूंची मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं बेघर झाली होती. बाकूतले आर्मेनियन पळाले, आर्मेनियातले अझरबैजानी पळाले. अझरबैजानमध्ये कित्येक कुटुंबं तंबूत, रेल्वेच्या डब्यांत आणि कॉलेजच्या होस्टेलांत राहिली. तुमच्या होस्टेलच्या एकेका खोलीत एकेक कुटुंब, तेही वर्षानुवर्षं. डोळ्यांसमोर आणून बघा.

जिंकूनही कोंडी

पहिलं युद्ध आर्मेनियाने जिंकलं, असं म्हणता येईल. पण मिळालं काय? देशाला शेजारी चार. अझरबैजानची सीमा बंद झाली आणि १९९३ मध्ये तुर्कस्तानने आपलीही बंद केली. उरले जॉर्जिया आणि इराण. समुद्रकिनारा नाही. रशियाकडे जाणारा माल जॉर्जियातून एका घाटरस्त्याने जातो आणि हिवाळ्यात बर्फ पडला की ट्रकच्या रांगा लागतात. नव्वदच्या दशकातल्या सुरुवातीच्या हिवाळ्यांत तर येरेवानमध्ये दिवसाला एक-दोन तासच वीज असायची. १९८८ च्या भूकंपानंतर अणुवीज प्रकल्प बंद केलेला, त्यात नाकेबंदी. लोकांनी शेकोटीसाठी झाडं तोडली. ज्यांना जमलं ते देश सोडून गेले.

दरम्यान अझरबैजानच्या तेलासाठी बाकूपासून तुर्कस्तानातल्या जेहान बंदरापर्यंत १,७६८ किलोमीटरची पाइपलाइन झाली. आर्मेनियाला वळसा घालून, जॉर्जियामार्गे. नंतर रेल्वेही तशीच वळली. तेलाच्या पैशाने अझरबैजानचं संरक्षण बजेट इतकं फुगलं, की एका टप्प्यावर ते आर्मेनियाच्या सगळ्या सरकारी बजेटपेक्षा मोठं झालं. पुढचं युद्ध कुणाच्या बाजूने झुकणार, हे या आकड्यांत आधीच दिसत होतं.

तुमच्याच वयाची मुलं

२०२० मध्ये ४४ दिवसांचं युद्ध झालं. साडेसहा हजारांहून जास्त माणसं गेली. दोन्ही देशांत अठरा पूर्ण झालेल्या मुलांना सक्तीची लष्करी सेवा असते. त्यामुळे मेलेल्यांत अठरा-वीस वर्षांची पोरं खूप होती, म्हणजे आपल्याकडे एफवाय-एसवायला असतात तेवढीच. आर्मेनियाची लोकसंख्या तीस लाखांच्या आसपास आहे, म्हणजे साधारण २०११ च्या जनगणनेतल्या पुणे शहराएवढी. एवढ्या छोट्या देशात काही हजार तरुण गेले, तर त्यांच्यासोबत उद्याचे कामगार, इंजिनीअर आणि बाप पण जातात. ही पोकळी एका बजेटमध्ये भरून निघत नाही.

सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने एका दिवसाच्या कारवाईत उरलेलं काराबाख घेतलं. त्याआधी नऊ महिने काराबाखला आर्मेनियाशी जोडणारा एकमेव रस्ता अडवलेला होता, दुकानांतली फळ्यांवरची जागा रिकामी झाली होती. कारवाईनंतर आठ-दहा दिवसांत एक लाखाहून जास्त आर्मेनियन घरं सोडून निघाले. आर्मेनियातला जवळपास प्रत्येक तिसावा माणूस आता हा नवा निर्वासित होता. येरेवानमध्ये भाडी आधीच चढलेली होती, कारण युक्रेन युद्धामुळे २०२२ पासून रशियातूनही लोक आले होते. गावाकडे जमीन आणि गुरं असलेलं कुटुंब शहरात आलं, की पहिल्या दिवसापासून भाडेकरू होतं. शेती येते, पण शेत नाही.

आणि जिंकलेल्यांचं?

अझरबैजानला जमीन परत मिळाली. पण अगदमसारखं आख्खं शहर तीस वर्षांत भिंतींच्या सांगाड्यांवर आलेलं आणि शेतांत भूसुरुंग पेरलेले. सरकार नवे रस्ते, विमानतळ, घरं बांधतंय. मात्र १९९३ मध्ये पाच वर्षांचा असताना पळालेला मुलगा आज पस्तिशी ओलांडून गेलाय. त्याची नोकरी बाकूत, मुलांची शाळा बाकूत. आईवडिलांना गाव आठवतं, त्याला धड आठवत नाही. नुसतं घर बांधून दिल्याने तो परत जाईल का?

म्हणजे एकाच पट्ट्यातून आधी एका भाषेची माणसं गेली, मग दुसऱ्या भाषेची. डोंगर तसूभरही हलला नाही.

ऑगस्ट २०२५ मध्ये वॉशिंग्टनमध्ये दोन्ही देशांनी शांतता कराराच्या मसुद्यावर आद्याक्षरं केली. आर्मेनियाच्या दक्षिण टोकातून, अझरबैजानच्या दोन भागांना जोडणारा रस्ता आणि रेल्वे काढायचंही ठरलं. अंतर जेमतेम चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर, म्हणजे सीएसएमटीहून कल्याणच्या आधीच संपेल एवढंच. ते उघडलं तर दोघांचाही व्यापार वाढेल. पण घर सोडून आलेल्या माणसांना परत जायचा रस्ता मिळेल का, हे अजून ठरायचंय.

यापुढे कुठल्याही सीमावादाची बातमी वाचलीत, की नकाशातल्या रंगांवर थांबू नका. कुठला रस्ता बंद झाला, घरभाडं कुठे वाढलं आणि अठरा वर्षांची मुलं कुठे आहेत, एवढं विचारा. खरी बातमी बहुतेक वेळा तिथेच असते.