विक्रांतचा तुकडा खरा कशावरून?

भिवंडीच्या निजामपुऱ्यातील एका घराची कल्पना करा. बैठकीच्या खोलीत भिंतीवर एक चौकट टांगलेली आहे. तिच्यात युद्धनौकेचे चित्र असून चित्राखाली तळहाताएवढा पोलादाचा तुकडा बसवला आहे. खालच्या पट्टीवर लिहिले आहे, ‘आय.एन.एस. विक्रांत’. गल्लीच्या टोकाला यंत्रमाग दुरुस्तीचे दुकान आहे आणि त्याच्या दारात मोडक्या भागांचा ढीग आहे. समजा, पट्टी निखळून हरवली आणि तो तुकडा या ढिगात मिसळला. तो पुन्हा ओळखता येईल का?

प्रथम या नौकेची हकीकत पाहू. तिची बांधणी १९४३ मध्ये इंग्लंडमध्ये सुरू झाली आणि २२ सप्टेंबर १९४५ रोजी तिचा सांगाडा पाण्यात उतरला. तोवर महायुद्ध संपले होते, म्हणून पुढे काम थांबले. १९५७ मध्ये भारताने ही अपुरी नौका विकत घेतली. बेलफास्ट येथे ती पूर्ण होऊन ४ मार्च १९६१ रोजी भारतीय नौदलात दाखल झाली. १९७१ च्या युद्धात तिच्यावरील विमानांनी चितगाव व कॉक्सबझार येथे हल्ले केले. १९९७ मध्ये ती निवृत्त झाली. काही वर्षे ती मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती. तिला वाचवण्यासाठी प्रयत्न झाले, परंतु २०१४ मध्ये ती सुमारे ६० कोटी रुपयांना भंगारात विकली गेली आणि मुंबईच्या दारूखाना भागात तोडण्यात आली.

या पोलादाचे पुढे काय झाले? त्यातून शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी घडवलेले स्मारकशिल्प २०१६ पासून मुंबईत लायन गेटजवळ उभे आहे. त्याच वर्षी बजाज कंपनीने एक मोटारसायकल बाजारात आणली. तिच्यात विक्रांतचे वितळवलेले पोलाद वापरले होते. भिंतीवर लावण्याच्या वस्तूंनाही अशीच मागणी असते, कारण लोक पैसे मोजतात ते वजनाचे नव्हे, तर इतिहासाचे. म्हणूनच येथे फसवणुकीला वाव असतो.

आता आपल्या ढिगाकडे वळू. मागाच्या सांगाड्याचे बरेच भाग बिडाचे असतात. बिडात कार्बनचे प्रमाण शेकडा २ ते ४ असते, तर जहाजाच्या पोलादी पत्र्यात ते शेकडा पाव भागाच्या आसपास असते. दुकानातील कारागीर दोन्ही तुकडे फिरत्या ग्राइंडरवर टेकवतो. बिडाच्या ठिणग्या आखूड व तांबूस निघतात, पोलादाच्या लांब व पिवळसर. ठिणगी फुटते ती तिच्यातील कार्बन जळाल्यामुळे. (ही परीक्षा दुरूनच पाहावी!) अशा रीतीने बीड बाजूला काढता येईल. परंतु ढिगात पोलादाचे इतर तुकडेही असतीलच. त्यांचे काय?

याहून सूक्ष्म परीक्षाही आहे. १६ जुलै १९४५ रोजी अमेरिकेत पहिला अणुस्फोट झाला. त्यानंतरच्या स्फोटांमुळे हवेत किरणोत्सर्गी कण पसरले. पोलाद तयार करताना भट्टीत हवा किंवा ऑक्सिजन सोडावा लागतो, त्यामुळे हे कण अत्यल्प प्रमाणात पोलादात शिरले. म्हणून किरणोत्सर्ग मोजणाऱ्या अतिसंवेदनशील उपकरणांसाठी शास्त्रज्ञ १९४५ पूर्वीचे पोलाद शोधत असत. स्कॉटलंडजवळ १९१९ मध्ये बुडवलेल्या जर्मन युद्धनौकांचे पोलाद त्यासाठी वापरले गेले. १९६३ च्या करारानंतर हवेतील चाचण्या कमी होत गेल्या आणि आज बहुतेक कामांना नवे पोलादही चालते.

विक्रांतच्या मूळ सांगाड्याचे पोलाद या जुन्या काळातले. मग प्रश्न सुटला का? नाही. १९५७ नंतर तिच्या बांधणीत नवे पोलादही वापरले गेले. म्हणजे एकाच नौकेत दोन काळांचे पोलाद होते. शिवाय जुने पोलाद एखाद्या पुलाचे किंवा दुसऱ्या जहाजाचेही असू शकते. प्रयोगशाळा पोलादाचे घटक सांगेल, त्याच्या वयाचा अंदाज देईल, पण नाव सांगणार नाही. लोखंडाच्या अणूला आपण कोणत्या जहाजावर होतो हे ठाऊक नसते.

सुमारे १,५०० अंश सेल्सिअस तापमानाला पोलाद वितळले की उरलेल्या खुणाही जातात. रंगाचे थर, रिव्हेटची भोके, गॅसने कापल्याच्या कडा, सारे नष्ट होते. म्हणून अखंड तुकडा अधिक बोलका. तो घासून चकचकीत करणे म्हणजे पुरावा पुसणे होय. आणखी एक धोका आहे. जुन्या जहाजांवर गंज रोखण्यासाठी शिशाचा शेंदूर असलेला रंग लावीत. तो खरवडल्यास विषारी धूळ उडते. पावसाळ्यात गंज येऊ नये म्हणून असा तुकडा कोरड्या जागी, बंद चौकटीत ठेवावा.

मग खरेपणा कशावर ठरतो? नोंदींच्या साखळीवर. तुकडा कोणत्या भागातून, कोणत्या दिवशी, कोणी कापला आणि नंतर कोणाकोणाच्या हाती गेला, हे लिहिलेले हवे. साखळीची एक कडी तुटली की उरते ते केवळ पोलाद.

आणि हा नियम युद्धनौकेपुरता नाही. भिवंडीत जुने मागही भंगारात जातात. तुमच्या घरच्या मागाचा एखादा भाग जपून ठेवला असेल, तर आजच एका कागदावर लिहा: हा माग कोणी चालवला, कोठे होता, केव्हा बंद झाला. शक्य असल्यास आजोबांना विचारून लिहा. तो कागद त्या तुकड्यासोबतच ठेवा, कारण ही माहिती पुढे कोणत्याही यंत्राला मोजून काढता येणार नाही.