एका पिंपात औषध किती?

पन्नाशी उलटलेल्या चारचौघांत हृदयाचा विषय निघाला की कुणीतरी हमखास सांगतं, ‘‘रोज ग्लासभर रेड वाइन घ्या. फ्रेंच लोक लोणी-चीज खाऊनही ठणठणीत असतात, ते त्यामुळेच.’’ मग आयुष्यात दारूला न शिवलेली माणसंही डॉक्टरांना हळूच विचारतात, ‘औषध म्हणून चालेल का?’ प्रश्न प्रामाणिक असतो. तेव्हा ज्या देशाच्या नावावर हा सल्ला खपतो, तिथल्याच एका द्राक्षमळ्यापासून सुरुवात करू.

फ्रान्सच्या नैर्ऋत्येला बोर्दो शहर आहे. त्याच्या उत्तरेच्या मेदोक पट्ट्यात, नदीकाठच्या खडकाळ जमिनीवर सां-ज्युलियाँ हे गाव वसलं आहे. इथली ‘लिओव्हिल बार्टन’ ही वाइन दर्दी मंडळींत तिच्या संयत, नजाकतदार चवीसाठी ओळखली जाते. मूळच्या आयरिश कुटुंबातल्या ह्यू बार्टन यांनी १८२१ मध्ये लांगोआ ही इस्टेट घेतली आणि १८२६ मध्ये शेजारच्या लिओव्हिल इस्टेटीचा एक हिस्सा. तेव्हापासून मालकी त्याच घराण्यात आहे. गंमत म्हणजे लिओव्हिल बार्टनला स्वतःचा वाडा नाही. तिची वाइन पूर्वापार लांगोआच्या वास्तूतच तयार होत आली. १८५५ च्या प्रतवारीत मात्र लिओव्हिलला दुसरी श्रेणी मिळाली आणि लांगोआला तिसरी.

या वाइनमध्ये मुख्य द्राक्ष असतं कॅबरने सोव्हिन्याँ. बारीक मणी आणि जाड साल. रेड वाइनमध्ये रस सालींसकट आंबवतात, त्यामुळे रंग आणि तुरटपणा सालीतून उतरतो. बियांतूनही तुरटपणा येतो. हा तुरटपणा आपल्याला नवा नाही. जांभूळ, आवळा, कच्चं केळं किंवा सुपारी खाल्ल्यावर जीभ आखडते, तो टॅनिनचा प्रताप. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं. त्यामुळे लाळेचा गुळगुळीतपणा जातो आणि तोंड कोरडं पडल्यासारखं वाटतं.

ताज्या कॅबरनेचा घोट असाच जीभ धरतो. म्हणून ती ओक लाकडाच्या २२५ लिटरच्या पिंपांत महिनोन्‌महिने मुरवतात आणि पुढे बाटलीत कित्येक वर्षं ठेवतात. लाकडातून किंचित ऑक्सिजन आत झिरपतो. टॅनिन आणि रंगद्रव्यं एकमेकांना जोडली जातात, तुरटपणाची धार बोथट होते आणि जांभळा रंग हळूहळू विटकरी होत जातो. जुन्या बाटलीच्या तळाशी बसलेला गाळही याच जोडाजोडीतून येतो. बोर्दोत आणखी एक जुनी रीत आहे. एका पिंपात पाच-सहा अंड्यांचा पांढरा बलक घालायचा. उरलंसुरलं रखरखीत टॅनिन त्याला चिकटून खाली बसतं. तोंडात लाळेचं जे होतं, तेच पिंपात अंड्याचं! उरलेल्या पिवळ्या बलकाचे ‘कॅनले’ नावाचे छोटे केक होतात, असं तिथे कौतुकाने सांगतात. एवढ्या धीराने केलेल्या वस्तूची चव लोकांना आवडते, यात नवल नाही. पण ‘औषध’ हा शब्द तिला चिकटला तो मळ्यात नव्हे, दूरचित्रवाणीवर.

नोव्हेंबर १९९१ मध्ये अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर ‘सिक्स्टी मिनिट्स’ कार्यक्रमात फ्रेंच संशोधक सर्ज रेनो यांनी मांडलं, की चरबीयुक्त आहार असूनही फ्रेंचांमध्ये हृदयविकार कमी आहे आणि त्याचं श्रेय बहुधा वाइनला जातं. पुढच्या वर्षी ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. अमेरिकेत रेड वाइनची विक्री उसळली. द्राक्षाच्या सालीतल्या रेझव्हेराट्रॉल या द्रव्याला नायकाची भूमिका मिळाली.

आता हिशेब करू. एक लिटर रेड वाइनमध्ये रेझव्हेराट्रॉल साधारण दोन मिलिग्रॅम भरतं. वाइननुसार कमी-जास्त, पण काही मिलिग्रॅमच. माणसांवरच्या अनेक चाचण्यांत मात्र रोज ५०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त दिलं गेलं. म्हणजे बोर्दोचं अख्खं पिंप एका दिवसात रिकामं केलं, तरी डोस अपुराच! २०१४ मध्ये इटलीच्या कियांती भागातल्या ६५ वर्षांवरच्या ७८३ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. लघवीतून त्यांच्या आहारातल्या रेझव्हेराट्रॉलचा अंदाज घेऊन नऊ वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं होतं. ते जास्त असलेल्यांचं आयुष्य वाढलं नाही, हृदयविकारही कमी झाला नाही.

मग ‘थोडी घेणारे जास्त जगतात’ असं सांगणारे आधीचे अभ्यास? त्यात एक मोठी गोम होती. ‘न पिणारे’ या गटात आजारपणामुळे पिणं सोडलेलेही मोजले जात. त्यांच्याशी तुलना केल्यावर थोडी पिणारे निरोगी दिसणारच. शिवाय माफक वाइन घेणारे बहुतेकदा सुखवस्तू असतात, भाजी-फळं खातात, फिरायला जातात. २०२३ मध्ये १०७ अभ्यासांची छाननी करताना असे दोष दुरुस्त केले, तेव्हा थोड्या दारूचा फायदा उरला नाही.

तोटा मात्र शिल्लक राहतो. १३ टक्के अल्कोहोलच्या १५० मिलिलिटर वाइनमधून सुमारे १५ ग्रॅम अल्कोहोल पोटात जातं. शरीर त्याचं अॅसिटाल्डिहाइड करतं आणि ते डीएनएला इजा करतं. पिंप ओकचं की प्लास्टिकचं, घराणं दोनशे वर्षांचं की कालचं, याची यकृताला काही पडलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९८८ मध्येच मद्याला कर्करोगकारक ठरवलं. स्तनाच्या कर्करोगाचा धोका तर कमी प्रमाणातही वाढतो. इन्सुलिन, मधुमेहाच्या काही गोळ्या, झोपेच्या गोळ्या किंवा रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील, तर धोका त्याच रात्रीचाही असू शकतो. म्हणून जे घेत नाहीत, त्यांनी हृदयासाठी सुरू करू नये. जे घेतात, त्यांनी आपण ती चवीसाठी घेतो हे मान्य करावं आणि किती घेतो ते डॉक्टरांना खरं सांगावं.

खुद्द फ्रान्समध्ये काय? १९६० च्या दशकात वर्षाला दरडोई शंभर लिटरहून जास्त वाइन पिणारा हा देश आता त्याच्या निम्म्याहूनही कमी पितो. या काळात तिथले हृदयविकाराचे मृत्यू वाढले नाहीत, उलट घटले. उपचार सुधारले हे त्याचं एक मोठं कारण, पण वाइन हीच ढाल असती तर चित्र वेगळं दिसलं असतं. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेच्या अंदाजानुसार २०१५ मध्ये मद्यामुळे ४१ हजार मृत्यू झाले. त्यातले ९,९०० हृदय आणि रक्तवाहिन्यांच्या विकारांचे होते.

अमेरिका ज्या वर्षी टीव्हीवर फ्रेंच वाइनचं कौतुक ऐकत होती, त्याच १९९१ साली फ्रान्सने मद्याच्या जाहिरातींना वेसण घालणारा ‘एव्हँ कायदा’ केला. २००७ पासून तिथल्या प्रत्येक बाटलीवर गर्भवतींसाठी इशारा छापावा लागतो. बहुतेकदा ते एक छोटं चित्र असतं, पोटुशी बाई आणि तिच्यावर आडवी रेघ. दुसऱ्या श्रेणीच्या महागड्या लिओव्हिललाही त्यातून सूट नाही.